डिस्प्लेसमेंट मोटर यॉट : घडण आणि चालवण्याचा खर्च यांची तुलना कशी करावी

खानदेशातल्या माणसाने मोटर यॉट घेण्याचा विचार करावा, ही गोष्ट आमच्याकडे अजूनही हसण्यावारी नेली जाते. तरीही गेल्या दिवाळीनंतर अमळनेरचे एक जिनिंगवाले मित्र तीन बोटींची माहितीपत्रके घेऊन भुसावळला माझ्या ओट्यावर येऊन बसले. तिघा भागीदारांनी मिळून एक बोट घ्यायची, ती मुंबईच्या बंदरात ठेवायची आणि थंडीच्या दिवसांत अलिबाग, मुरूड, जमल्यास गोव्यापर्यंत फिरायचे, असा त्यांचा बेत होता. माझी उमेदीची वीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, म्हणून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "भाऊ, हाई परवडी का?" तिन्ही पत्रकांवर लांबी, किंमत, कमाल वेग आणि सोफ्याचे फोटो होते, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणारा आकडा मात्र एकाही पत्रकावर नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही वहीत जी मांडणी केली, तीच थोडी नीटनेटकी करून येथे देत आहे.

आधी पाण्याखालचे अंग

हातनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर इंजिन लावलेल्या होडीत जो बसला आहे, त्याला डिस्प्लेसमेंट बोट म्हणजे काय हे निम्मे समजलेलेच असते. होडीवाला इंजिन मंद ठेवतो तोवर होडी पाणी बाजूला सारत शांतपणे जाते आणि मागे जेमतेम एक सुरकुती उठते. कोणी घाई केली आणि त्याने इंजिन पूर्ण ओढले, की नाळ (बोटीचे पुढचे टोक) वर उचलली जाते, मागची बाजू पाण्यात बसते, लाट मोठी होते, धूर काळा होतो; पण काठावरचे झाड काही पूर्वीपेक्षा फारसे लवकर मागे पडत नाही. कारण असे, की चालणारी बोट आपल्या नाळेपाशी लाट उठवते, वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते, आणि तिची लांबी बोटीच्या जलरेषेएवढी, म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या बोटीच्या लांबीएवढी झाली की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. त्यापुढचा प्रत्येक जादा नॉट (ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) म्हणजे चढावर बैलगाडी ओढण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात टॉर्की येथील लांब कुंडात जहाजांच्या प्रतिकृती ओढून याच गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला.

व्यवहारात एवढे सूत्र पुरते : जलरेषेची लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे. येणारा आकडा हा त्या बोटीचा नॉटमधला नैसर्गिक कमाल वेग. पंचवीस फुटी होडीला ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर. जलरेषा ३६ फूट असलेल्या यॉटला ८ नॉट आणि ६४ फूट असलेलीला १०.७ नॉट. येथे एकूण लांबी न घेता जलरेषेचीच लांबी घ्यावी, कारण पुढे झुकलेली नाळ आणि मागे जोडलेला पोहण्याचा फळा यांमुळे पत्रकातली लांबी चार-पाच फुटांनी सहज फुगते.

आता खरी अडचण. वरून ट्रॉलरसारखी, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटीसारखी दिसणारी प्रत्येक बोट खालून डिस्प्लेसमेंट नसते. १९६०च्या दशकात हाँगकाँगमध्ये बांधल्या जाऊ लागलेल्या ग्रँड बँक्स बोटींनी 'ट्रॉलर' हे रूप लोकप्रिय केले. पण त्यांचा तळ अर्ध-डिस्प्लेसमेंट जातीचा (वेग वाढला की पाण्यावर थोडा उचलला जाणारा), मागे सपाट होत जाणारा आणि कडा असलेला आहे. उलट नॉर्डहॅव्हनसारख्या पूर्ण डिस्प्लेसमेंट बोटीचा तळ गोलसर, कील (तळाच्या मध्यावरचा उभा कणा) खोल आणि वजन भरपूर असते. तिच्या ४० फुटी नमुन्याने २००१-०२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणून बोट पाण्याबाहेर काढलेली असताना मागून उभे राहून पाहावे. तळ पोटासारखा गोल वळत असेल आणि मागची कड पाण्याच्या पातळीकडे वर चढत असेल, तर ती पूर्ण डिस्प्लेसमेंट. तळ मागे पसरट होऊन संपत असेल तर ती अर्धी. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस घोड्याची झूल पाहत नाही, चाल पाहतो. बोटीची चाल या मागच्या कडेवर लिहिलेली असते.

मैलामागे लिटर

वेगवेगळ्या बोटींचे डिझेल तोलण्याचे एकच माप धरावे, ते म्हणजे एका सागरी मैलामागे किती लिटर. तासाला किती लिटर हा आकडा एकटा दिला तर तो फसवतो, कारण हळू चालणारी बोट तेच अंतर कापायला जास्त तास घेते. इंजिनाचा ठोकताळा सोपा आहे : बोटीवरचे डिझेल इंजिन प्रत्यक्षात जेवढी अश्वशक्ती देत असेल तिला पाचाने भागावे, म्हणजे तासाचे लिटर जवळपास मिळतात. येथे इंजिनावर कोरलेली कमाल अश्वशक्ती धरायची नसून त्या वेगाला लागणारी अश्वशक्ती धरायची आहे.

आमच्या वहीत जलरेषा ३६ फूट आणि वजन २० टन अशी एका इंजिनाची बोट होती. तिला ६.६ नॉटसाठी तीसेक अश्वशक्ती पुरते, जनरेटर सोडून तासाला सहा-सात लिटर, म्हणजे मैलाला सुमारे १ लिटर. तीच बोट ८ नॉटने हाकली तर ८० च्या पुढे अश्वशक्ती लागते आणि मैलाला २ लिटरच्या वर जाते. मुंबईहून गोवा समुद्रमार्गे साधारण २४० सागरी मैल आहे. पहिल्या चालीने ३६ तास आणि २४० लिटर, दुसऱ्या चालीने ३० तास आणि ५०० लिटर : सहा तास वाचवण्यासाठी दुपटीहून जास्त डिझेल. पत्रकातली दुसरी बोट अर्ध-डिस्प्लेसमेंट, ३०० अश्वशक्तीची दोन इंजिने असलेली. ती १४ नॉटने गेली तर तासाला ८०-८५ लिटर पिते, सतरा तासांत पोहोचते आणि सुमारे १,४४० लिटर संपवते. हिशेबापुरता भाव ९० रुपये लिटर धरला तर या तीन फेऱ्यांचे डिझेल अनुक्रमे २१,६००, ४५,००० आणि १,२९,६०० रुपयांचे होते.

हे वाचून कोणी लगेच पहिल्या बोटीच्या बाजूने कौल देईल. मित्रांनीही तसाच दिला. मी त्यांना थोडे थांबायला सांगितले, कारण डिझेल हा या वहीतला सर्वांत बोलका आकडा असला तरी सर्वांत मोठा आकडा नाही.

रूपाची किंमत दरवर्षी मोजावी लागते

बोटीचे रूप ही केवळ आवडीची बाब आहे असे समजून लोक ते शेवटी ठरवतात. माझ्या मते ते खर्चाच्या मथळ्याखालीच लिहायला हवे, कारण प्रत्येक शोभेच्या गोष्टीमागे वर्षाकाठी एक रक्कम उभी असते. डेकवर सागवानी फळ्या असतील तर त्या सुंदर दिसतात आणि ओल्या पायाला धरून ठेवतात, पण जुन्या पद्धतीने स्क्रू मारून बसवलेल्या फळ्यांच्या भोकांतून पाणी खाली झिरपते आणि फायबरग्लासच्या दोन थरांमधले लाकूड कुजते. एका ओळखीच्या गृहस्थांसाठी मी पूर्वी अशी एक बोट पसंत केली होती. फळ्या चकचकीत घासलेल्या होत्या, मी त्यांवरून चाललो, पण हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यानंतर पुढच्या केबिनच्या छतावर चहाच्या रंगाचे डाग उमटले आणि डेक उघडावा लागला. तेव्हापासून मी डेक हातभर अंतराने ठोकतो. टणक आवाज आला तर ठीक, बसका आवाज आला तर तेथे खडूने फुली. कठड्यांवरचे व्हार्निश आपल्याकडच्या उन्हात फार तग धरत नाही, म्हणून लाकडी कठडा दिसला की वर्षातून निदान दोनदा घासकाम आणि व्हार्निश लिहून ठेवावे.

हलचे, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगाचे, साहित्य हेही रूपच. नेदरलँड्समधल्या कालव्यांसाठी बांधलेल्या पोलादी बोटी देखण्या, मजबूत आणि बुटक्या असतात, कारण त्यांना पुलांखालून जायचे असते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत मात्र पोलादाला आतून सुटणारा गंज हा कायमचा सोबती आहे. फायबरग्लासला हा त्रास नाही. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पण त्याला विजेच्या गळतीची आणि वेगळ्या धातूच्या स्पर्शाची भीती फार.

इंजिन एक की दोन, यावर बोटवाल्यांमध्ये जिनिंगवाल्यांच्या भावासारखेच वाद होतात. एका इंजिनाच्या डिस्प्लेसमेंट बोटीत पंखा (प्रोपेलर) कीलच्या मागे आडोशाला असतो. कोकण किनाऱ्यावर रात्री मासेमारीची जाळी जागोजागी पसरलेली असतात, तेथे हा आडोसा फार मोलाचा आहे. दोन इंजिनांत एक बंद पडले तरी दुसऱ्यावर घरी येता येते आणि जेट्टीला लावताना बोट जागेवर फिरते. पण तेल, फिल्टर, इम्पेलर, शाफ्टची सील हे सर्व दोनदा आणि दोन्ही पंखे उघड्यावर. चांगला तांडेल (बोट चालवणारा) असेल तर मी एकच इंजिन पसंत करीन.

डोलणे हा डिस्प्लेसमेंट बोटीचा जन्मजात स्वभाव आहे. गोल तळामुळे ती लाटेवर आपटत नाही, पण कुशीवर झुलते. आपल्या किनाऱ्यावर थंडी-उन्हाळ्यात सकाळ शांत असते आणि दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. गोव्याकडे जाताना तो मागच्या उजव्या अंगाने येतो आणि तीन वाजता जेवण उलटवतो. यावर तीन उपाय विकले जातात. मासेमारी बोटींसारखे लोखंडी बाहू पसरून त्यांना पाण्यात पंख टांगणे सर्वांत स्वस्त, पण दिसायला अवजड आणि हाताळायला मेहनतीचे. हायड्रॉलिक पंख चालत्या बोटीत उत्तम, पण त्यांच्या सीलसाठी ठरावीक वर्षांनी बोट बाहेर काढावी लागते. जायरो (आत वेगाने फिरणाऱ्या जड चाकाने डोलणे कमी करणारे यंत्र) नांगरावर उभ्या बोटीतही काम करतो, मात्र त्यासाठी वीज लागते, आणि वीज म्हणजे जनरेटर.

जनरेटरवर थोडे जास्त लिहितो, कारण उत्तरेकडच्या थंड देशांत लिहिलेल्या हिशेबांत तो जवळजवळ नसतोच. आपल्या हवेत बंद काचांची केबिन वातानुकूलनाशिवाय राहण्याजोगी नसते. नांगरावर उभे असताना तासाला २ लिटर पिणारा जनरेटर रात्रंदिवस चालला, तर चोवीस तासांत ४८ लिटर जातात. मुख्य इंजिन तेवढ्यात सात तास चालले असते आणि बोट पंचेचाळीस मैल पुढे गेली असती! म्हणजे मुख्य इंजिन कितीही काटकसरी असो, काचेचा महाल घेतला तर ती काटकसर नांगरावरच विरघळते. आमच्याकडच्या धाब्याच्या घरांनी पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात माणसे वाचवली ती जाड छत, लहान खिडक्या आणि पुढच्या ओसरीच्या जोरावर. बोट पाहतानाही हीच नजर ठेवावी : चारी बाजूंनी पुढे आलेले छत आहे का, खिडक्या उघडतात का, पुढच्या हॅचमधून शिरलेला वारा मागच्या दारातून बाहेर पडतो का. उभ्या, मागच्या बाजूला न झुकलेल्या काचांची जुनाट दिसणारी चाकघरे (सुकाणूच्या खोल्या) मला यासाठीच आवडतात; त्यांवर ऊन सरळ पडत नाही. तरुण भागीदाराला ती 'आगबोटीसारखी' वाटली, ते वेगळे.

वर्षाची वही

आता पूर्ण हिशेब. खालचे सर्व आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपण आपल्या दरांनी भरावेत, मांडणी तीच राहू द्यावी. बोटीची किंमत ३ कोटी, मुख्य इंजिन वर्षाला १५० तास, बोटीवर मुक्काम ४० रात्री आणि दर रात्री जनरेटर १२ तास, असे धरले. मुख्य इंजिनाचे १,०५० लिटर आणि जनरेटरचे ९६० लिटर मिळून डिझेल १.८१ लाखांचे. तांडेल आणि एक खलाशी, दोघांचा पगार महिना ५५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ६.६ लाख, हा पगार बोट उभी असतानाही द्यावाच लागतो. विमा किमतीच्या १ टक्का धरून ३ लाख. मुरिंग (बंदरात बोट बांधण्याची जागा), पावसाळ्यात बोट वर ओढणे, तळावर शेवाळ-शिंपले धरू न देणारा अँटीफाउलिंग रंग आणि बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे अ‍ॅनोड यांना ५ लाख. सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्तीला ३ लाख. एकूण १९.४१ लाख. किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढा वार्षिक खर्च धरावा असा बोटवाल्यांचा सर्वत्र चालणारा ठोकताळा आहे. आमचा आकडा त्याच्या खाली राहिला, कारण मोठ्या दुरुस्तीसाठी आम्ही काहीच बाजूला काढले नव्हते. ते काढावे.

या वहीत डिझेल नऊ टक्के आहे. तेवढेच अंतर अर्ध-डिस्प्लेसमेंट बोटीने १४ नॉटने कापले असते तर डिझेलचा फरक वर्षाला सुमारे साडेचार लाखांचा पडला असता, म्हणजे तांडेल-खलाशांच्या पगारापेक्षा कमी. म्हणून वर्षाला दीडशे तास फिरणाऱ्या माणसाने केवळ डिझेल वाचते म्हणून डिस्प्लेसमेंट बोट घेऊ नये. संथ चाल, लांबचा पल्ला, इंजिनाचा दबका आवाज आणि लाटेवर न आपटणारा तळ हवा असेल तर घ्यावी. तासाचा खर्च कमी करण्याचा खरा मार्ग बोट जास्त वापरणे हा आहे : १५० तासांना तासाला सुमारे १२,९०० रुपये पडतात, तीच बोट ४०० तास चालवली तर ५,२०० च्या आसपास. मित्रांच्या तिघा भागीदारांपैकी दोघांचा हंगाम कापसाचा आणि समुद्राचा हंगामही नेमका तोच, ऑक्टोबर ते मे. हा मुद्दा वहीत लिहिताच ओट्यावर बराच वेळ शांतता होती.

खरेदीच्या रकमेबद्दल एकच वाक्य : २२ सप्टेंबर २०२५ पासून सहलीच्या यॉटवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे पत्रकातली किंमत कराआधीची की करासह, हे पहिल्याच फोनवर विचारावे.

चाचणी

समुद्रावरची चाचणी विकणाऱ्याच्या सोयीने घेऊ नये. टाक्या जवळजवळ रिकाम्या, तळ नुकताच घासलेला आणि बोटीवर तीनच माणसे, अशा स्थितीत कोणतीही बोट कमी पिते. डिझेल व पाण्याच्या टाक्या निदान तीन-चतुर्थांश भरलेल्या असाव्यात अशी अट आधीच लेखी घालावी. मग इंजिनाच्या मिनिटाला १,२०० फेऱ्यांपासून दर २०० फेऱ्यांनी वाढवत प्रत्येक पायरीवर बोट एकदा ओहोटीबरोबर आणि एकदा तिच्या विरुद्ध चालवून जीपीएसवरचे दोन्ही वेग लिहावेत आणि सरासरी काढावी. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा ओघ जोरदार असतो आणि एकाच दिशेचा आकडा त्यामुळे एका-दोन नॉटांनीही खोटा ठरू शकतो. डिझेलचा फ्लो मीटर नसेल तर टाकीच्या काचनळीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खुणा कराव्यात. घरी येऊन हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले, की रेषा एका जागी एकदम वर वळलेली दिसते. त्या वळणाच्या अर्धा नॉट अलीकडचा वेग हा त्या बोटीचा खरा वेग. दोन बोटींची तुलना त्या वेगावरच करावी.

चाचणीआधी इंजिन गार असले पाहिजे. आपण पोहोचण्यापूर्वीच ते गरम करून ठेवलेले असेल तर त्याचे कारण विचारावे. गार इंजिन सुरू होताना येणारा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत जायला हवा. इंजिनाखालच्या तळात पांढरे फडके फिरवून उजेडात पाहावे, आणि तासांचे मीटर पाहून फार खूश होऊ नये. अकरा वर्षांत ३८० तास चाललेले इंजिन मी पाहिले आहे. मालकाला त्याचा अभिमान होता, पण एवढ्या वर्षांत ते बहुतेक वेळ बंदरात मंद गतीवर फुरफुरत होते. डिझेल इंजिनाला अर्धपोटी चालवले की सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात आणि तेल वर चढू लागते. आपण बोट घेतल्यावरही दर प्रवासाच्या शेवटी वीस-तीस मिनिटे इंजिनावर चांगला भार द्यावा.

तळ पाहणे आणि समुद्रावर चालवणे ही दोन कामे एकाच खेपेत होत नाहीत. जून-जुलैत मासेमारीही बंद असते आणि कोकणात ज्याला शाकारणे म्हणतात तशा बोटी वर ओढून झाकलेल्या असतात, तेव्हा एक खेप तळ ठोकून पाहण्यासाठी करावी. दुसरी ऑक्टोबरात, समुद्र निवळल्यावर, पाण्यावरच्या चाचणीसाठी. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी मुंबईत उतरता येते, आणि इंजिन गार असतानाच बोटीवर पोहोचायचे असेल तर ती वेळ सोयीची पडते. मित्रांनी जूनच्या खेपेची तारीख ठरवली आहे. हातोडी माझ्याकडची नेणार आहोत.